चाकोरीबाहेरचं चाक

मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावात पौष पौर्णिमेला यात्रा भरते, हे ठाणे जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. म्हसोबाचं दर्शन, पाळणे, मिठाईची दुकानं आणि जनावरांचा मोठा बाजार. लहानपणी अब्बांचं बोट धरून मी तो बाजार पाहिलाय. आम्हाला बैल घ्यायचा नसायचा. पण घेणारे लोक बैल कसा पारखतात हे पाहायला अब्बांना आवडायचं. गिऱ्हाईक आधी जबडा उघडून दात मोजायचा. मग खूर बघायचा, खांद्यावरून हात फिरवायचा आणि शेवटी बैलाला चार पावलं चालवायला लावायचा. शिंगांना हिंगूळ फासलेला असायचा, गळ्यात घुंगरमाळा असायच्या, पण त्या बघून कुणी पैसे मोजत नसे. अब्बा म्हणायचे, "सजावट विकणारा करतो, पारख घेणाऱ्याने करायची असते."

यंदा यात्रेच्या वाटेवर एका गाडीभोवती पोरांची गर्दी दिसली. गाडी साधीच, मध्यमवर्गीय घरात असते तशी. पण खाली बसवलेली, लाल भडक केलेली आणि चारही चाकं मडगार्डच्या बाहेर आलेली. मालक विशीतला. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ. मी विचारलं, "चाकं अशी बाहेर का रे?" तो खूश होऊन म्हणाला, "सर, स्पेसर टाकलेत. तीस एमएम. टायरपण रुंद. आता स्पोर्ट्स कार वाटते ना?"

वाटते. या एका शब्दाबद्दल मला आज लिहायचंय.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ जाणार नाही. मापाशिवाय, तपासणीशिवाय, केवळ दिसायला बरं म्हणून चाकाखाली स्पेसर घालणं आणि टायर रुंद करणं हा शौक नाही. तो दुसऱ्याच्या जिवाशी केलेला खेळ आहे. आणि या खेळात गाडीवाला, बसवणारा कारागीर, विकणारा दुकानदार आणि बघत बसणारं सरकार असे चौघे भागीदार आहेत. मी शिक्षक आहे, मेकॅनिक नाही. पण दहावीपर्यंतचं विज्ञान शिकवतो, आणि या विषयाला त्याहून जास्त विज्ञान लागत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी स्पेसर म्हणजे काय ते सांगतो. गाडीचं चाक ज्या भागावर बसतं त्याला हब म्हणतात. हबमधून चार-पाच स्टड बाहेर आलेले असतात. त्यांवर चाक चढवून नट आवळतात. हब आणि चाक यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची जाड चकती घातली की चाक तेवढं बाहेर येतं. ही चकती म्हणजे स्पेसर. दोन्ही बाजूंना तीस-तीस मिलिमीटरची चकती टाकली की डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर साठ मिलिमीटरने वाढतं. गाडी रुंद आणि ऐटदार दिसते. काम एवढंच. दुकानात अर्ध्या तासात होतं.

या अर्ध्या तासात गाडीच्या पोटात काय बदललं ते पाहू. दुधाची भरलेली किटली छातीशी धरून उभे राहा. आता तीच किटली हात लांब करून धरा. किटलीचं वजन वाढलेलं नाही, पण खांदा दुखायला लागतो. वर्गात ही तरफ आम्ही दरवर्षी शिकवतो. बल तेच असलं तरी अंतर वाढलं की भार वाढतो. गाडीचा खांदा म्हणजे हबमधलं बेअरिंग. कंपनीने ते बेअरिंग चाक कुठे असणार याचा हिशेब करून निवडलेलं असतं. तुम्ही चाक बाहेर नेलं की प्रत्येक खड्ड्याचा दणका जास्त लांबीच्या दांड्याने त्या बेअरिंगवर बसतो. मग काही महिन्यांनी चाकातून घुमल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि मालक कंपनीच्या नावाने बोटं मोडतो.

स्टिअरिंगचंही तसंच. पुढचं चाक वळताना एका ठरावीक रेषेभोवती फिरतं. ती रेषा जमिनीला जिथे टेकते आणि टायरचा मध्य जिथे टेकतो, त्यातलं अंतर कंपनीने मोजून ठेवलेलं असतं. स्पेसरने ते वाढतं. एक चाक खड्ड्यात गेलं किंवा एका बाजूचा ब्रेक जास्त लागला की स्टिअरिंग हातातून हिसका देतं. शहराच्या गुळगुळीत रस्त्यावर हे जाणवणारही नाही. पावसाळ्यातल्या आमच्या रस्त्यांवर जाणवेल, आणि ते नेमकं नको त्या क्षणी.

पण सगळ्यात मोठा धोका नटात आहे. नट चाकाला कसा धरून ठेवतो, असं मी वर्गात विचारलं तर मुलं म्हणतात, "सर, अडकवून." तसं नसतं. नट आवळला की स्टड ताणला जातो, आणि त्या ताणामुळे चाक हबवर घट्ट दाबलं जातं. दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेले की त्यांच्यात जे घर्षण होतं, ते चाकाला जागेवर ठेवतं. मध्ये स्पेसर आला की एका जोडाचे दोन जोड होतात. स्पेसर ओबडधोबड ओतलेला असेल, हबवर गंज असेल, मध्ये रंगाचा पापुद्रा राहिला असेल, तर थोडं चालल्यावर तो दबतो आणि ताण सैल पडतो. त्यात पातळ स्पेसर जुन्याच स्टडवर चढवला तर आणखी एक गोष्ट होते. दहा मिलिमीटरची चकती स्टडची दहा मिलिमीटर लांबी खाते. नटाला धरायला आटे कमी उरतात. कारागिरांचा जुना ठोकताळा असा, की स्टड जेवढा जाड तेवढी तरी आट्यांची पकड हवी. बारा मिलिमीटरच्या स्टडवर दीड मिलिमीटरचे आटे असतील तर नट किमान आठ वेढे चढला पाहिजे. पाच-सहा वेढ्यांत नट घट्ट झाला तर खूश होऊ नका. तो काठावर उभा आहे.

आमच्या भागातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. त्याने बैलगाडी वापरली आहे. तुंबा, आरे, लोखंडी धाव, आस आणि आसाच्या टोकाची खीळ ही सगळी नावं त्याला पाठ असतात. ती खीळ केवढीशी असते! पण गाडी जुंपण्याआधी तिच्यावर हात फिरवल्याशिवाय तो निघत नसे. दोन चाकांतलं अंतरही मनाला येईल तसं ठेवत नसत. गावच्या वाटेवर चाकांनी पडलेल्या दोन खाचा असायच्या. ती चाकोरी. गाडीचं माप चाकोरीला जुळलं नाही तर एक चाक खाचेत आणि दुसरं उंचवट्यावर चालायचं, आणि माल भरलेली गाडी कलंडायची. मराठीत 'चाकोरीबाहेरचा' हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. विचार चाकोरीबाहेर जरूर जावा. चाकाने जाऊ नये.

आता या शौकाच्या बाजूने जे बोललं जातं त्याकडे वळू. मी ते सगळं ऐकून घेतलंय, कारण बोलणारे बहुतेक माझेच विद्यार्थी आहेत.

पहिला मुद्दा असा, की टायर रुंद केला की गाडी रस्त्याला चिकटून चालते. यात अर्धं सत्य आहे, म्हणून तो जास्त फसवतो. कोरड्या, चांगल्या डांबरावर वळण घेताना रुंद टायरचा उपयोग होतो, हे खरं. पण लोकांना वाटतं की टायर रुंद झाला म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग तेवढाच वाढला. तो फारसा वाढत नाही. टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ मुख्यतः गाडीच्या वजनावर आणि टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतं. हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला तर टेकणारा भाग आडवा पसरतो आणि पुढून-मागून आखूड होतो. मूठभर पिठाची लांबट पोळी लाटा किंवा गोल लाटा, पीठ तेवढंच.

आणि आमच्याकडे चार महिने डांबर कोरडं असतं कुठे? माळशेज घाटात जुलै महिन्यात जाऊन या. रस्त्यावरून पाणी वाहत असतं आणि धुक्यात पुढच्या गाडीचा दिवा दिसत नाही. अशा वेळी टायरला वाटेतलं पाणी बाजूला सारून डांबर गाठायचं असतं. टायर जेवढा रुंद तेवढं जास्त पाणी सारावं लागतं. ते सारणं जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी तुमचं ऐकत नाही. रुंद टायर कमी वेगातच तरंगायला लागतो, आणि झिजलेला असेल तर त्याहून लवकर. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. बाहेर आलेल्या चाकाची अलाइनमेंट बिघडून टायर एका कडेने झिजतो. वरून बघणाऱ्याला तो धडधाकट वाटतो, आणि आतली कड गुळगुळीत झालेली असते.

कुणी फॉर्म्युला वनचं उदाहरण देतं. द्या. २०१७ साली तिथे मागचा टायर ३२५ मिलिमीटरवरून ४०५ मिलिमीटर रुंद झाला, हे खरं आहे. पण त्या वर्षी सगळ्या संघांनी नव्या नियमांप्रमाणे आख्खी गाडीच नव्याने बनवली. जुन्या गाडीला मध्ये चकती घालून कुणी काम भागवलं नाही. आणि पाऊस आला की तेच लोक कोरड्यातले टायर काढून खोल खाचांचे वेगळे टायर चढवतात. तो टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो, असं बनवणारी कंपनी सांगते. आपण मात्र जो रुंद टायर उन्हाळ्यात मिरवला त्यावरच पावसात माळशेज चढतो.

आकड्यांचंही सांगतो, कारण दुकानात ते कुणी सांगत नाही. टायरवर १८५/६५ आर १५ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंचांची. याच्या जागी २०५/६५ आर १५ टाकला तर टायर नुसता रुंद होत नाही, उंचही होतो. व्यास सुमारे ६२१ मिलिमीटरवरून ६४७ मिलिमीटरवर जातो. म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. मीटर ८० दाखवत असताना तुम्ही ८३ ने चाललेले असता. रुंदी वाढवायचीच असेल तर ६५ ऐवजी ६० हवा, मग व्यासातला फरक एका टक्क्याच्या आत राहतो. हे त्रैराशिक सातवीच्या मुलाला येतं. पण "एक नंबर दिसतो" एवढ्या हिशेबावर चार टायर विकले जातात, आणि मग मागच्या सीटवर माणसं बसली की टायर मडगार्डला घासतो.

दुसरा मुद्दा, परदेशात सगळे लावतात. बरोबर आहे. पोर्शेसारखी कंपनी काही मॉडेल्सना स्वतः पातळ स्पेसर देते. तो त्या गाडीसाठी मोजून बनवलेला असतो, हबच्या मध्यावर अचूक बसतो आणि त्याच्यासोबत लांब बोल्ट येतात. जर्मनीत बाजारातला स्पेसर लावला तर साधारणपणे तो मान्यताप्राप्त तपासनिसाला दाखवावा लागतो आणि गाडीच्या कागदपत्रांत त्याची नोंद होते. म्हणजे परदेशातून आपण चकती आणली, तपासनीस तिथेच ठेवून आलो. मी स्पेसर या वस्तूच्या विरोधात नाही. सुरी वाईट नसते. माझा विरोध आहे मोजमाप न करता, नोंद न ठेवता, कुणालाही जबाबदार न धरता ती सुरी फिरवण्याला.

तिसरा मुद्दा सगळ्यात आवडता आहे. गाडी माझी, पैसे माझे, तुमच्या पोटात का दुखतं?

का दुखतं ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात म्हसा-कर्जत रस्त्यावर एका वळणाला एका गाडीचं पुढचं डावं चाक निखळलं. गाडी घासत जाऊन कडेला थांबली आणि आतल्या दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण निखळलेलं चाक गाडीबरोबर थांबत नाही. ते गाडीच्याच वेगाने पुढे पळतं, आणि त्याला ना ब्रेक ना स्टिअरिंग. हे चाक रस्त्याच्या कडेने सरळ गेलं, बांधावरून उडालं आणि भाताच्या खाचरात जाऊन पडलं. त्या कडेने आमच्या शाळेची मुलं घरी जातात. शाळा सुटायला दहा मिनिटं होती. मी तिथे पोचलो तेव्हा चिखलात रुतलेलं ते चाक चार माणसं ओढून काढत होती. टायर-रिमसकट वीस किलोच्या आसपास वजन. चौथीतल्या मुलीचं वजन त्याहून थोडंसंच जास्त असतं.

त्या दहा मिनिटांनी मला आजही झोप लागत नाही. म्हणून माझ्या पोटात दुखतं. गाडी तुमची असेल, रस्ता तुमच्या सातबाऱ्यावर नाही. पायी चालणाऱ्याने स्पेसर विकत घेतलेला नसतो, त्याने रीलही पाहिलेलं नसतं. तुमच्या हौसेच्या व्यवहारात त्याला न विचारता जामीन ठेवलं गेलंय.

आता मी माझ्या स्वतःच्या माणसांकडे वळतो. हे लिहिताना जास्त त्रास होतो.

ते चाक ज्या दुकानात चढवलं गेलं, तिथे माझा एक जुना विद्यार्थी काम करतो. दहावीनंतर घरची परिस्थिती बघून त्याने शाळा सोडली. हात सोन्यासारखा. टायरमधला खिळा आवाजावरून ओळखतो. मी त्याला भेटायला गेलो. त्याने तुटलेला स्टड माझ्या हातावर ठेवला आणि मान खाली घालून म्हणाला, "सर, नट पाचच आटे धरत होता. मला कळत होतं." मी विचारलं, "मग का बसवलास?" तो म्हणाला, "सेठ बोलले, कस्टमर को जो मंगता है वो दे. हम नहीं लगाएगा तो बाजूवाला लगाएगा."

हे वाक्य मी आयुष्यात अनेक धंद्यांत ऐकलंय. भेसळीचं दूध विकणारा हेच म्हणतो, कॉपी पुरवणाराही हेच म्हणतो.

आपल्या समाजातली किती मुलं गॅरेजमध्ये, टायरच्या दुकानांत, वेल्डिंगच्या कामात आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. आणि 'पंक्चरवाला' हा शब्द आपल्याला हिणवण्यासाठी कसा फेकला जातो तेही. मला त्या शब्दाची लाज वाटत नाही. भर पावसात रस्त्यावर गुडघे टेकून अनोळखी माणसाचं चाक बदलून देणारा मुलगा इज्जतीची रोटी खातो. ज्यांना तो शब्द शिवी वाटते त्यांची गाडी अर्ध्या रात्री घाटात बसली, की त्यांना त्याच मुलाचा नंबर हवा असतो. पण या शिवीला उत्तर आपल्या कामानेच दिलं जाईल. जुने उस्ताद शागिर्दाला पाना हातात देण्याआधी वर्ष-वर्ष नुसतं पाहायला लावत. गिऱ्हाईक चावी देऊन जातो तेव्हा तो आपल्या बायकापोरांचा जीव तुमच्या हातात अमानत म्हणून ठेवून जातो, हे ते शिकवत. पाच आट्यांवर नट आवळून "चलता है" म्हणणारा कारागीर त्या अमानतीत खयानत करतो. रस्त्यातला काटा-दगड बाजूला करणं हा सदका आहे, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मग रस्त्यावर वीस किलोचं सुटं चाक सोडणं काय आहे, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आणि हेही विसरू नका की काही झालं तर पहिला हात कुणाच्या कॉलरला जातो. आमच्या गावात तसंच झालं. गाडीवाल्याच्या घरचे दुकानात आले ते त्या पोराला विचारायला. स्पेसर विकणाऱ्याला कुणी विचारलं नाही, "टाकच" म्हणून हट्ट धरणाऱ्या आपल्या मुलाला तर नाहीच. नफा सेठचा, हौस गिऱ्हाइकाची आणि गुन्हा मजुराचा. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो, नाही म्हणायला शिका. दीनदारीसाठी नसेल जमत तर निदान स्वतःच्या मानेसाठी शिका. आणि गिऱ्हाईक ऐकतच नसेल तर बिलावर लिहा, मालकाच्या सांगण्यावरून, धोका समजावून सांगितला, खाली सही. सही करायची म्हटलं की निम्म्यांचा शौक तिथेच उतरतो.

कायद्याचं काय? कायदा कडक आहे, कागदावर. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदात जे लिहिलंय आणि कंपनीने जे मूळ ठरवलंय त्याच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय असा बदल विमा कंपनीला न सांगता केला असेल, तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो.

एवढं सगळं असून स्पेसर उघड्या दुकानात टांगलेले असतात आणि घरपोच येतात. विकणं चालू, बसवणं चालू, दंड फक्त ज्याच्या नशिबी असेल त्याला. नाक्यावरचा पोलीस हेल्मेट आणि लायसन बघतो. मडगार्डच्या चार बोटं बाहेर आलेलं चाक त्याला दिसत नाही, किंवा दिसलं तरी त्याचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

सरकारकडे माझी तक्रार कडकपणा कमी असल्याची नाहीच. सरसकट 'नाही' म्हणून टाकलं की चांगलं-वाईट यातला फरक पुसला जातो. मापात बनवलेला, लांब स्टडसकट येणारा, टॉर्क पान्याने आवळलेला स्पेसर आणि भंगारातून ओतलेली चकती, दोन्ही एकाच ओळीत गुन्हेगार. मग लोक म्हणतात, गुन्हाच आहे तर स्वस्तातला का नको? पुण्यात १९६६ पासून एआरएआयसारखी वाहन संशोधन संस्था आहे. गाड्यांची तपासणी करण्याचं ज्ञान आपल्याच राज्यात बसलेलं आहे. कुठला सुटा भाग कुठल्या गाडीला चालेल याची तपासणी, त्यावर छाप, कागदावर नोंद आणि छाप नसलेल्या मालाच्या विक्रीवर कारवाई, हा रस्ता खुला करायला काय हरकत आहे? आणि पकडायचंच असेल तर आधी विकणाऱ्याला पकडा. पाना धरणाऱ्या पोरावर शौर्य दाखवू नका.

गाडीवाल्या तरुणांना मी नैतिक उपदेश करणार नाही. त्या वयात मीही अब्बांच्या सायकलला आरसे आणि झालरी लावून फिरलो आहे. मी फक्त बाजारातल्या त्या गिऱ्हाइकाची आठवण देतो. पारख करा. आधीच स्पेसर असेल तर चाक काढून स्वतः बघा. नट मोजून वेढे घाला. हबवर चाक मध्यावर घट्ट बसतं की नुसतं नटांवर लटकतंय ते पाहा. गनने आवळलेल्यावर भरवसा ठेवू नका, टॉर्क पान्याने आवळून घ्या आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. स्टिअरिंग थरथरलं किंवा चाकातून टकटक आली तर तिथेच थांबा. आणि यातलं काहीही करायचा कंटाळा असेल, तर चाक जिथे कंपनीने ठेवलंय तिथे परत ठेवा. गाडी थोडी साधी दिसेल. दिसू दे.

आईबापांनाही एक सांगायचंय. जमिनीचे पैसे आले की मुलाला गाडी घेऊन देता, ठीक आहे. तिच्यावर आणखी लाखभर उधळायला देता, त्यातल्या काही भागात उत्तम ब्रेक पॅड आणि चांगल्या नक्षीचे मूळ मापाचे टायर येतात. ते रीलमध्ये दिसत नाहीत एवढाच त्यांचा दोष.

तो तुटलेला स्टड मी मागून आणला. माझ्या टेबलावर असतो. यंदा तरफ शिकवताना मी तो वर्गात फिरवला. मुलांनी बोटाने आटे मोजले. पाच चकाकत होते, बाकीच्यांवर गंज होता. कुठपर्यंत नट चढला होता हे न सांगता त्यांना कळलं. माझा तो विद्यार्थी आता स्पेसर बसवत नाही. सेठशी भांडण झालं, महिन्यातली दोन-तीन गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली. ती तिथे बसवून आली. त्याने नाही म्हटल्याने जग बदललं, असं खोटं मी लिहिणार नाही.

वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "सर, ज्याची ती गाडी होती त्याने मग काय केलं?"

मी खरं ते सांगितलं. चाक नवं बसवलं, चौथा स्पेसरही पुन्हा टाकला आणि महिन्याभरात गाडी विकली. घेणाऱ्याला लाल रंग आवडला म्हणे. चाकाच्या मागे त्याने पाहिलं नाही. ती गाडी आज कुठल्या तरी रस्त्यावर आहे, आणि त्या रस्त्याच्या कडेनेही एखादी शाळा सुटत असेल.